भुकेचं नाव

दादा भात कापायला वाकला तो परत सरळ झालाच नाही.

कापणीत सगळेच वाकलेले असतात, म्हणून आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाबा पुढं होते. मी मागून पेंढ्या बांधत होते आणि बांधता बांधता बोलत होते. मी नुकतीच नववी पास झाले होते, शाळेच्या वक्तृत्वात ढाल मिळवली होती, आणि तेव्हापासून आमच्या सर्वणच्या माणसांना, गुरांना आणि माडांना माझी भाषणं ऐकण्यावाचून सुटका नव्हती. त्या सकाळी विषय होता, गोवा घटकराज्य झालं की नव्या सरकारनं पहिलं काय करावं. माझं मत, सगळ्या सरकारनं आधी आमच्या शेतात येऊन उभं राहावं.

शेतात गुडघाभर तांबडा चिखल होता. वरच्या खाणीच्या खड्ड्यात साठलेलं पाणी कुणीतरी पंप लावून व्हाळात, ओढ्यात, सोडलं, व्हाळाची बाजू फुटली, आणि वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी हंगामाचं, पिकलेलं भात झोपलं. आता एकेक मूठ चिखलातून ओढायची, झटकायची, मग विळा लावायचा. मातीतल्या कणांनी विळ्याची धार खाल्लेली. नखं, भुवया, बाबांच्या छातीवरचे पांढरे केस, सगळं खनिजाच्या रंगाचं झालेलं. चिखल सुकून दगड व्हायच्या आत भात बाहेर काढायला हवं होतं, आणि काढणारे आम्ही तिघं.

"दादा, आयकता मरे?" मी विचारलं.

दादाच्या हातातला विळा गळला. तो गुडघ्यांवर बसला, उजव्या कुशीत मूठ दाबली, आणि हळूच आडवा झाला.

मी धावत गेले. दोन्ही हात पुढं केले आणि तसेच हवेत धरून उभी राहिले.

कारण दादाला शिवायचं नव्हतं. बाबा आणि दादा व्रतात होते. शिरगावच्या जत्रेत देवीच्या होमाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालत जातात ते धोंड. बाबा कितीतरी वर्षं धोंड, दादाचं हे पहिलं वर्ष. जत्रेआधी धोंड सोवळ्यात असतात. तळीवर न्हायचं, तळीकाठच्या माटवात, मांडवात, राहायचं, आपलं आपण शिजवून जेवायचं, आणि व्रताबाहेरच्या कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. इतर धोंड थोडं इकडंतिकडं चालवून घेत. आमचे बाबा घेत नसत. आमच्या घरात तर आणखी एक नेम होता, आजोबांपासूनचा. व्रतात भुकेचं नाव काढायचं नाही. कुणी विचारलं तरी 'भूक ना' म्हणायचं.

दादाच्या तोंडात चिखल जात होता. माझे हात त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर.

"बाबा, येयात," मी म्हटलं. माझा आवाज फार बारीक आला.

बाबा आले. त्यांनी दादाला उचलून बांधावर घातलं. दादाचे गुडघे पोटाशी गेलेले. ओठ पांढरे.

"कितें जालें रे?"

"कांय ना. वळ आयल्या." नुसता पेटका, म्हणे.

"खंय?"

दादानं उजव्या कुशीवरचा हात तिथंच ठेवला.

माझी हाक नाही, पण बाबांचा आवाज घरापर्यंत गेला असावा. आई धावत आली आणि काजूच्या झाडाशी थांबली. ती भायर बसलेली होती, बायकांचे ते दिवस. व्रताच्या माणसांजवळ तिनं यायचं नव्हतं. तिथूनच म्हणाली, "पोट शेकून पळयात. ओंव्याचें उदक दियात ताका."

"तुज्या हातचें?" बाबा म्हणाले.

आई झाडाला टेकून उभी राहिली आणि पदराचं टोक चावू लागली.

बाबलीकाका माटवातून आले. तेही धोंड, बाबांच्या जोडीचे. त्यांनी दादाकडं नीट बघितलं. "जयराम, हें वळ न्हय. हाका दोतोराकडे व्हर."

"जत्रा परवां आसा," बाबा म्हणाले.

"जत्रा वर्साक येता. तुजो चेडो परत येना."

दोघांनी दादाला घोंगडीत घालून रस्त्यावर आणलं. आमच्या रस्त्यावर बस कधीतरी येते, पण खनिजाचे ट्रक सारखे. भरलेले खाली जातात, रिकामे वर येतात. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. पहिल्याच ट्रकला थांबावं लागलं. ड्रायव्हर निवृत्ती म्हणून कोल्हापूरकडचा, सर्वणच्या नाक्यावर चहाला थांबायचा, त्यामुळं तोंडओळख होती.

"काय गं पोरी, मरायचंय काय?"

"माझ्या भावाच्या पोटात दुखतं. इस्पितळात सोडा."

"मग आधी बाजूला तरी हो." तो खाली उतरला. घोंगडीला हात लावायला गेला तर बाबांनी "नाका, नाका" म्हणून त्याला दूर ठेवलं. तो बघतच राहिला. "शिवायचं बी न्हाई? बरं बाबा. तुमचं तुम्ही चढवा, मी ट्रक चालीवतो. त्याला तर शिवायचं न्हाई मला."

मागच्या हौद्यात खनिजाच्या भुकटीवर घोंगडी पसरली. बाबा दादाचं डोकं धरून बसले, मी कोपऱ्यात. आईला येता येणार नव्हतं, आणि इस्पितळात बोलायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी. बाबलीकाका म्हणाले, "हिचें तोंड आज कामाक येतलें." निवृत्ती खड्डे चुकवून हळू चालवत होता, तरी एका वळणावर दादानं ओकारी केली. पिवळं पाणी, बाकी काही नव्हतं. पोटात असणार काय?

डिचोलीच्या अलीकडं एका ट्रस्टचं लहानसं इस्पितळ होतं. गेटाशी ट्रक थांबला. बाबांनी दादाला उतरवलं, आणि गेटाच्या खांबाशी थांबले.

"बाबा, चला."

"आंत जल्म आनी मरण एका छपराखाला आसा. हांव आंत सरूंक शकना."

"मग दादा?"

बाबांनी विचार केला. दादा घोंगडीवर पडून त्यांच्याकडं बघत होता. मीही. निवृत्ती ट्रकाला टेकून बिडी शोधत होता, तोही थांबला.

"दोतोराचो हात लागलो जाल्यार तळयेर न्हावन शुद्ध जातलो," बाबा म्हणाले. "पूण पोटांत गेल्लें न्हावन वचना. गौरेश, हांगाचें अन्न खावपाचें ना. आयकलें?"

दादानं मान हलवली.

दोन माणसं ढकलगाडी घेऊन आली. त्यांनी दादाला काखेत हात घालून उचललं तेव्हा दादानं डोळे मिटून घेतले. दुखण्यानं की शिवण्यानं, ते कळलं नाही.

डॉक्टर केंकरे माझ्या मामाएवढे असतील. त्यांचे हात फार स्वच्छ होते. आमच्या पायांचे तांबडे ठसे त्यांच्या फरशीवर बघून मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणजे मी जास्त बोलते. मी नाव, गाव, काय झालं, कसं झालं, व्हाळ कसा फुटला, सगळं सांगितलं.

"बस," ते म्हणाले. "आता त्याला बोलू दे. गौरेश, कधीपासून दुखतं?"

"सकाळसून."

"आधी बेंबीपाशी दुखलं आणि मग इकडं सरकलं? की इथंच सुरू झालं?"

"हांगाच."

"काल काही खाल्लंस?"

"ना." खाल्लं होतं. माटवात एकवेळचं जेवण असतं. पण ते शब्दही व्रतातच अडकले असावेत.

"भूक आहे?"

"ना."

"काहीच खावंसं वाटत नाही?"

"ना."

"ओकारी?"

"एकदा," मी सांगितलं.

त्यांनी पोटावर हात ठेवला. डावीकडं दाबलं, दादा गप्प. उजवीकडं खाली दाबलं, दादाचा पाय उडाला. त्यांनी दाबलेला हात एकदम सोडला आणि दादाच्या तोंडाकडं पाहिलं. दादानं दात आवळले होते. आवळणार नाही तर काय करणार, बाबा त्याला निखाऱ्यांवर दात आवळायलाच शिकवत होते.

ताप बघितला. थोडा होता. बोट टोचून रक्त घेतलं.

"बहुतेक अपेंडिक्स," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या आतड्याला शेपटीसारखा एक तुकडा असतो."

"आंत्रपुच्छ. आमच्या पुस्तकात आहे."

"हो, तेच. ते सुजलं की काढून टाकावं लागतं. ठेवलं आणि फुटलं तर पोटभर पू होतो, माणूस जातो. दुपारनंतर ऑपरेशन करू, मग काही महिने जड उचलायचं नाही. वडील कुठं आहेत?"

मी गेटाकडं पळत गेले. बाबा खांबापासून चार हात दूर, उन्हात उभे होते. गेटाजवळ चिंचेचं झाड होतं, पण त्या सावलीत एक बाळंतीण तान्ह्या मुलाला घेऊन बसली होती.

"पोट फाडतले?" बाबांनी विचारलं.

"हय. नाहीतर फुटतं म्हणतात."

"मागीर ताका वजन उखलूंक मेळटलें?"

"कितीतरी महिने नाही."

बाबांनी रस्त्याकडं पाहिलं. त्या नजरेत शेत होतं, चिखल होता, मळणी होती. मला दिसत होतं. मग म्हणाले, "दोतोर सांगता तें करात. हांव कितें सांगूं? हांव तरी कितें जाणां?"

मी परत आले. वॉर्डात जेवण आलं होतं. भात, डाळ, दुधी भोपळ्याची भाजी, आणि कुणाकुणाला पाव. कमलाक्षी नावाची नर्स गाडा ढकलत होती. दादाला काही द्यायचं नव्हतं, ऑपरेशन होतं ना. शेजारच्या खाटेवर सगुण नावाचा म्हातारा, पेडण्याचा. त्याच्या पोटातून रबराची नळी निघून बाटलीत गेली होती. तो डाळ भातावर ओतून घेत म्हणाला, "तुका ना? तुजें पोट फाडटले न्हय आज? बरें आसा. डाळीक मीठच ना."

दादानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी पलीकडच्या बाजूला उभी होते, त्यामुळं मला त्याचं तोंड दिसलं. त्याच्या गळ्याचा घाटा वर गेला आणि खाली आला. परत वर गेला, खाली आला. मग त्याच्या पोटात गुरगुरलं. इतकं मोठ्यानं की सगुणनं जेवता जेवता वळून पाहिलं.

"दादा," मी हळूच म्हटलं, "तुका भूक लागल्या."

"ना."

"दादा."

"ना म्हणून सांगलें न्हय."

मी वॉर्डातून निघाले. डॉक्टर हात धूत होते. साबणाचा फेस कोपरापर्यंत.

"डॉक्टर, तो खोटं बोलतो."

"कोण?"

"माझा भाऊ. तुम्ही भूक आहे का विचारलंत, तो नाही म्हणाला. त्याला भूक आहे. तो धोंड आहे. आमच्या घरात व्रतात भूक आहे असं म्हणायचंच नाही. आणि त्यानं काल खाल्लंय. माटवात, रात्री. अपेंडिक्स झालं की भूक मरते ना? तुम्ही तेच विचारत होतात ना?"

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. फेस कोपरावरून टपकत होता. मला वाटलं आता हाकलतील.

"हे सकाळी का नाही सांगितलंस? व्हाळाची सगळी हकीकत सांगितलीस."

खरंच, का नाही सांगितलं? घरात भिंत असते तसा तो नेम होता. भिंतीबद्दल कोण कुणाला सांगतं?

ते दादाच्या खाटेशी येऊन बसले. भुकेबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, "जत्रा झाली, व्रत सुटलं, की पहिलं काय खाणार?"

दादा छताकडं बघत म्हणाला, "तिसऱ्यांचें सुकें."

"आणि?"

"उकड्या तांदळाचें शीत. बांगडो, आईच्या हातचो, तिरफळां घालून."

"तिरफळं किती?"

"चड. भरपूर."

"दोतोर," सगुण मधेच म्हणाला, "ताका विचारतात आनी लाळ माका सुटता."

डॉक्टर हसले नाहीत. दादाला खोकायला लावलं. उठवून एका पायावर उडी मारायला लावली. दादानं मारली, वाकडी, पण मारली. परत निजवून पोट दाबलं.

"दुखतं तर आहे," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "पण पोट कडक नाही. मला सकाळी जेवढी खात्री होती तेवढी आता नाही. प्रत्येक उजवीकडचं दुखणं अपेंडिक्स नसतं. चांगलं अपेंडिक्स काढून टाकलं, असंही पुष्कळदा होतं, आणि मग माणूस उगाच महिनोन्महिने बसून राहतो. थांबतो मी. अधूनमधून येऊन बघतो. अपेंडिक्स असेल तर दुखणं वाढत जाईल. वाढलं की लगेच ऑपरेशन."

"आणि मधल्या वेळात फुटलं तर?"

"म्हणून तर बघत राहायचं."

मी खुशीत परत आले. हसू नका, पण मला वाटलं मी भाषण जिंकले. ढाल मिळाल्यासारखी खाटेच्या कडेला बसले.

सगुण पडून माझ्याकडं बघत होता. "थांबयलें म्हण?"

"हय. गरज नसेल तर उगाच कशाला कापायचं."

"माकाय थांबयिल्लें," तो म्हणाला. "हांगा न्हय, दुसरेकडे. दोतोर म्हणलो, पळोवया. पळयत रावलो. मागीर एकदम दूख गेली. हांव म्हणलों, देवा, बरो जालों. च्या पिलों. ती दूख गेली न्हय, तें फुटलें म्हूण गेली." त्यानं चादर सारून नळी दाखवली. "हें पळय. अजून येता."

बाटलीत तळाला हिरवट-पिवळं काहीतरी होतं.

तिथून पुढं दादा कण्हला की वाटायचं, वाढलं. दादा गप्प झाला की वाटायचं, फुटलं. दोन्ही वेळा मी कमलाक्षीकडं पळायची. ती येऊन नाडी बघायची. "गो चेडवा," ती म्हणाली, "तूं थोडी बस. तुजीच नाडी चड पळटा."

डॉक्टर आले, दाबलं, म्हणाले, "तसंच आहे." परत आले, म्हणाले, "सांगता येत नाही." विद्वान माणूस, स्वच्छ हात, आणि सांगता येत नाही. मला पुस्तकातलं चित्र आठवत होतं. आतड्यांचं वेटोळं, त्याला ती शेपटी, बाजूला बाण आणि नाव. दादाचं पोट मात्र बाहेरून नुसतं पोट होतं, तांबड्या मातीच्या रेघा असलेलं. आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. त्यालाही नाही.

दिवस कलला तेव्हा मी गेटाकडं गेले. बाबा आता बसले होते, रस्त्यापलीकडं मोरीच्या कठड्यावर. ओठ सुकलेले. व्रतात ते आमच्या विहिरीशिवाय दुसरीकडचं पाणी पीत नाहीत.

"फाडलें?"

"नाही. थांबलेत. मी सांगितलं त्यांना, दादाला भूक आहे म्हणून."

"तुवें सांगलें?"

"हय."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "आनी फुटलें जाल्यार?"

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले.

"वच," बाबा म्हणाले. "ताचे कडेन बस."

ती रात्र मी खाटेखाली चटईवर काढली. दादाच्या श्वासाकडं कान ठेवून मी कधी झोपले तेही कळलं नाही. उजाडलं तेव्हा दादा पाय सरळ करून झोपलेला होता. मी घाबरून त्याला हलवलं. त्याला शिवले. माझ्या ध्यानातच आलं नाही.

"कितें गो?" तो वैतागून म्हणाला. "न्हिदूंक दी."

"दुखणं गेलं?"

"मातशें आसा. काल सारकें ना."

सगुणही दूख गेली म्हणून चहा प्यायला होता. मी पळत जाऊन डॉक्टरांना आणलं. त्यांनी ताप बघितला, उतरला होता. पोट दाबलं, परत दाबलं, हात एकदम सोडला. यावेळी दादाचा पाय उडाला नाही.

"फुटलं असतं तर आता ताप चढला असता, पोट लाकूड झालं असतं," ते माझ्याकडं बघून म्हणाले. सगुणचं ऐकलं असणार त्यांनी. "हे अपेंडिक्स नव्हतं असं दिसतं."

"मग काय होतं?"

"आतड्याजवळच्या गाठी सुजतात कधीकधी. कधी मूतखड्याचा कण सरकतो. चिखलात दिवस दिवस वाकून काम, पाणी नाही, एकवेळ जेवण. काही दुखणी आपलं नाव न सांगताच जातात." ते उठले. "कमलाक्षी, ह्याला पातळ पेज द्या. जिरली तर दुपारी आणखी, आणि उद्या घरी."

कमलाक्षीनं जर्मनच्या वाडग्यात पेज आणली. वाफ येत होती. दादानं वाडग्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

"नाका."

"अरे, तुला भूक आहे ना?" डॉक्टर म्हणाले.

"ना."

डॉक्टर परत बसले. "हे बघ, गौरेश. तुला भूक आहे असं तुझी बहीण म्हणाली, म्हणून मी काल सुरी बाजूला ठेवली. आता तू खात नाहीस. मग मी काय समजू? खाल्लेलं पोटात राहतं की नाही, ते बघितल्याशिवाय मी तुला सोडणार नाही. आणि परत दुखलं तर मी काल नाही केलं ते आज करीन."

"फाल्यां जत्रा," दादा म्हणाला. "फाल्यां सकाळीं मेरेन रावा."

"उद्या सकाळपर्यंत नुसत्या सलाइनच्या बाटलीवर? आणि मग निखाऱ्यांवर चालणार?"

दादा परत भिंतीकडं वळला. डॉक्टर दुसऱ्या खाटेकडं गेले.

मी मोरीकडं पळाले. बाबांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांच्या गळ्याचा घाटा वरखाली होत होता, दादासारखाच. मग खाली बघत म्हणाले, "सांग ताका. खा म्हण."

मी परत पळाले. "दादा, बाबांनी खा म्हणून सांगितलंय."

"बाबान?"

"हय."

"फट मारता तूं. बाबा तशें केन्नाच सांगचो ना. काल दोतोराक म्हजें सांगलें, आज बाबाचें नांव घेता." त्याचे डोळे भरले होते. "म्हजें पयलेंच वर्स, सुविधा."

माझ्या तोंडावर आख्ख्या शाळेचा विश्वास होता. माझ्या भावाचा नव्हता.

परत मोरी. बाबा आले, पण गेटातून नाही. बाहेरून कुंपणाला वळसा घालून, काट्यांतून, दादाच्या खाटेमागच्या जनेलापाशी, खिडकीबाहेर. गजांना हात न लावता उभे राहिले.

"गौरेश. खा."

दादा कोपरावर उठला. बाबांकडं बघितलं. "तुमी व्रतांत आसात, आनी माका सांगतात?"

बाबांनी तोंड उघडलं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. एवढी वर्षं धोंड असलेला, माटवात नव्या पोरांना नेम सांगणारा माणूस तो. ते जनेलातून दिसेनासे झाले.

मला वाटलं, गेले. शिरगावाला गेले.

मग वॉर्डाच्या दारात बाबा दिसले. उंबऱ्यावर थोडे थांबले. पायांची तांबडी माती आता सुकून भेगाळली होती. खाटांच्या मधून चालत आले, अंग चोरून, कुणाचा धक्का लागू नये असे. मग एका बाईचा लागला, आणि त्यानंतर त्यांनी अंग चोरणं सोडलं. दादाच्या खाटेशी आले. बसावं की उभं राहावं ते त्यांना कळेना.

"बसात," कमलाक्षी म्हणाली.

बाबा बसले. मेजावरचा वाडगा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. आत बघितलं. पेजेवर साय धरली होती. त्यांनी तो तोंडाला लावला आणि प्यायले. एक घोट, मग दुसरा. डोळे उघडे होते. मग पंच्यानं तोंड पुसलं आणि वाडगा दादापुढं धरला.

"आतां खा."

दादा बाबांकडं बघत राहिला. मग त्यानं वाडगा घेतला, चमचा बाजूला ठेवला आणि प्यायला लागला. घटाघटा. पेज हनुवटीवरून ओघळून मानेवर आली, मानेवरची माती घेऊन छातीवर. वाडगा रिकामा झाला तरी तो तोंडाला लावूनच होता.

"आनीक आसा?" त्यानं विचारलं. वाडग्याच्या आतूनच.

कमलाक्षीनं आणखी आणली. तीही गेली. दादा आडवा झाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. आम्ही बघत राहिलो. ओकारी झाली नाही. थोड्या वेळानं त्याचा श्वास लांब झाला. झोपला.

बाबा रिकामा वाडगा हातात धरून बसले होते. मग मला विचारलं, "हें खंय धुवप?"

वऱ्हांड्याच्या टोकाला नळ होता. बाबा तिथं वाडगा धुवायला गेले. पाण्याची धार बारीक होती. त्यांनी वाडगा आतून धुतला, बाहेरून धुतला, परत आतून धुतला. माती हातांची निघत होती, वाडग्याची नव्हे.

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आले. सर्वणचे धोंड शिरगावाला निघाले होते. पांढरी धोतरं, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्या, हातात वेताच्या काठ्या. बाबलीकाका पुढं. गेटाशी थांबून त्यांनी मोरीवर बघितलं, चिंचेखाली बघितलं.

"जयराम," त्यांनी हाक मारली. "ए जयराम, चल रे."

बाबांनी नळ बंद केला. वऱ्हांड्याच्या खांबामागं सरकले. खांब बारीक होता, बाबांचे दोन्ही खांदे बाहेर दिसत होते.

"जयराम," बाबलीकाकांनी परत हाक मारली. "चेडो बरो आसा मू? तूं खंय आसा?"

"काय सांगू त्यांना?" मी विचारलं.

बाबा खांबाला कपाळ टेकून उभे होते. "कितेंय सांग," ते म्हणाले. "तुका उलोवंक येता."

बोलता येतं म्हणून मी गेटाकडं निघाले. दादा बरा आहे, हे सांगता येत होतं. पोट फाडलं नाही, हेही. त्यापुढचं, बाबांचं, वाक्य मी जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. बाबलीकाकांनी मला येताना बघितलं आणि हसून हात वर केला. मी गेटापर्यंत पोचले. तोंड उघडलं, आणि तशीच उभी राहिले.